जस्टिन मॉरिल आणि जमिनीच्या पैशावरची विद्यापीठे

आपल्याकडची कृषी विद्यापीठे, १९६० चे पंतनगर असो की १९६८ चे राहुरी, ज्या अमेरिकी ‘लँड-ग्रँट’ म्हणजे सरकारी जमिनीच्या अनुदानावर निघालेल्या विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली, त्यांचा पाया कॉलेजची पायरीही न चढलेल्या एका खासदाराने घातला. जस्टिन मॉरिल (१८१०–१८९८) हे व्हरमाँटमधल्या स्ट्रॅफर्डच्या लोहाराचे पुत्र. ऐपत नसल्याने पंधराव्या वर्षी शाळा सुटली. दुकानदारीत पुरेशी कमाई होताच अडतिसाव्या वर्षी ते धंद्यातून बाहेर पडले आणि शेतीकडे वळले. १८५५ ते १८६७ ते प्रतिनिधिगृहात होते, पुढे अखेरपर्यंत सिनेटमध्ये.

शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजांसाठी राज्यांना सरकारी जमीन द्यावी, हे विधेयक त्यांनी १८५७ मध्ये मांडले. प्रतिनिधिगृहात ते १०५ विरुद्ध १०० मतांनी निभावले, पण १८५९ मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी नकाराधिकार वापरला. दक्षिणेकडील राज्यांचे विरोधक यादवी युद्धात संसद सोडून गेल्यावर वाट मोकळी झाली आणि २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांची सही झाली.

कायद्याची खरी ताकद त्याच्या अटींत आहे. राज्याच्या प्रत्येक संसद सदस्यामागे ३०,००० एकर. विक्रीची रक्कम किमान ५ टक्के व्याजाने गुंतवायची. मुद्दल घटले तर राज्याने भरून द्यायचे. इमारतींवर यातला पैसा खर्च करायचा नाही.

घोळ झाला तो विक्रीत. ज्या राज्यांत सरकारी जमीन नव्हती, त्यांना जमिनीऐवजी ‘स्क्रिप’ म्हणजे हक्कपत्रे मिळाली. दुसऱ्या राज्यातली जमीन त्यांना स्वतः घेता येत नव्हती, त्यामुळे हक्कपत्रे विकणे भागच होते. सगळ्यांनी एकदम विकायला काढली आणि सव्वा डॉलर एकराचा सरकारी भाव कुठल्या कुठे राहिला. ऱ्होड आयलंडला १,२०,००० एकरांचे जेमतेम ५०,००० डॉलर मिळाले. न्यूयॉर्क तरले ते कॉर्नेल विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांच्यामुळे. त्यांनी हक्कपत्रे स्वतः विकत घेतली, त्यांवर विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगले मिळवली आणि भाव चढेपर्यंत ती राखून ठेवली. नफा विद्यापीठाला गेला. मुळात ही जमीन मूलनिवासी जमातींकडून करारांनी आणि जबरदस्तीने घेतलेली होती. कायद्यात त्यांचे नावही नाही.

ऐंशीव्या वर्षी मॉरिल यांनी १८९० चा दुसरा कायदा मंजूर करून घेतला. यात प्रत्येक राज्याला थेट रोख अनुदान होते: पहिल्या वर्षी १५,००० डॉलर, पुढे वाढत २५,०००. प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या राज्याला पैसा नाही, अशी अट घातली, पण कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कॉलेज काढले तर चालेल, ही सूटही दिली. दक्षिणेने सूटच उचलली. वाटणी ‘न्याय्य’ असावी एवढेच कायदा म्हणत होता, समान असावी असे नव्हे. त्यामुळे ही कॉलेजे पुढे कित्येक दशके निधीला वंचित राहिली.