पेनिसिलिनवाला फ्लेमिंग आणि डाव्या हाताचा फ्लेमिंग

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की ठाण्यातल्या नि नवी मुंबईतल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांचे तक्ते लागतात, आणि त्यांतल्या एखाद्यावर हमखास हे वाक्य सापडतं: ‘पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच डाव्या हाताचा नियम दिला.’ त्याने नाही दिला. ही दोन वेगळी माणसं आहेत. एक स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, पुढे डॉक्टर झालेला. दुसरा इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या एका पाद्र्याचा मुलगा, पुढे विद्युत अभियंता झालेला. डॉक्टरचा जन्म १८८१ चा, अभियंत्याचा १८४९ चा, म्हणजे दोघांत बत्तीस वर्षांचं अंतर.

डॉक्टर फ्लेमिंग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अलेक्झांडर फ्लेमिंग, लंडनच्या पॅडिंग्टन भागातलं सेंट मेरीज रुग्णालय, १९०६ मध्ये वैद्यकीय पात्रता, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमांवर काम, १९२८ मध्ये पेनिसिलिन, १९४५ मध्ये नोबेल. तक्त्यावर गळ्यात बो बांधलेला, हातात काचेची बशी धरलेला जो माणूस दिसतो, तो हाच.

दुसऱ्याचं पूर्ण नाव जॉन अँब्रोज फ्लेमिंग. केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या हाताखाली शिकला. १८८५ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्युत तंत्रज्ञानाचा प्राध्यापक. शिकवता शिकवता एडिसनच्या लंडनमधल्या दिवे कंपनीचा सल्लागार, आणि नंतर मार्कोनीच्या कंपनीचा. १२ डिसेंबर १९०१ ला अटलांटिकच्या पलीकडे जो बिनतारी संदेश पोचला, त्याचं कॉर्नवॉलमधल्या पोल्डूचं प्रक्षेपण यंत्र त्याने आखलेलं होतं. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यात ज्याच्या नावाचे डाव्या नि उजव्या हाताचे दोन नियम आहेत, तोही हाच. मोटर आणि जनित्रातल्या दिशा विद्यार्थ्यांच्या लक्षात राहाव्यात म्हणून शिक्षकाने काढलेली ती युक्ती आहे. त्यामागे कुठलीही बुरशी नाही.

आता घोळ का होतो ते पाहू, कारण तो निव्वळ आडनावामुळे होत नाही. दोघंही ‘सर’ होते. अभियंत्याला ही पदवी १९२९ मध्ये मिळाली, आणि नेमका त्याच वर्षी डॉक्टरचा पेनिसिलिनवरचा पहिला लेख छापून आला. डॉक्टर ‘सर’ झाला १९४४ मध्ये. दुसरं म्हणजे अभियंता घरीदारी ‘अँब्रोज फ्लेमिंग’ या नावानेच ओळखला जायचा. त्यामुळे ‘सर ए. फ्लेमिंग’ एवढंच लिहिलं, तर ते दोघांनाही तंतोतंत लागू पडतं. तिसरं, अभियंत्याकडे लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. होती, म्हणजे तोसुद्धा रीतसर ‘डॉ. फ्लेमिंग’. डॉक्टरची वैद्यकीय पदवीही लंडन विद्यापीठाचीच. शहर एक, विद्यापीठ एक, वीस वर्षं तरी काळही एकच. जुन्या तांत्रिक मासिकात ‘डॉ. फ्लेमिंग यांचे प्रयोग’ असं दिसलं की तो स्टेथोस्कोपवाला डॉक्टर समजू नका. १९०४ च्या आसपासचा मजकूर असेल आणि विषय दिवे, तारा, लहरी असा असेल, तर तो अभियंताच. ‘डॉ.’वरून कुणाचाही पेशा ठरवू नये. ती अक्षरं कुठल्या विद्याशाखेतून आली हे पाहावं. हे आजच्या पाट्यांनाही लागू आहे.

पण खरी गफलत ‘शोध’ या एका शब्दात आहे, आणि तिथे मराठी आपल्याला दगा देते. जे निसर्गात आधीच होतं नि कुणाला दिसलं, तोही शोध. जे आधी नव्हतं नि कुणी घडवलं, तोही शोधच. फ्लेमिंगने पेनिसिलिनचा ‘शोध लावला’, फ्लेमिंगने व्हॉल्व्हचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दिव्यासारख्या वस्तूचा, ‘शोध लावला’. वाक्यं जुळी झाली की माणसंही जुळी होतात. प्रत्यक्षात या दोघांची कामं एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. डॉक्टरला सापडलं, पण त्याचं औषध बनवता आलं नाही. अभियंत्याला मूळ गोष्ट सापडली नव्हती. ती दुसऱ्याची होती, पण तिच्यातून कामाची वस्तू बनवली त्याने.

आधी डॉक्टर. सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परत आल्यावर त्याला जंतूंच्या एका बशीत बुरशीचा ठिपका दिसला. ठिपक्याभोवतीचे स्टॅफिलोकोकस जंतू विरघळून गेलेले होते. ‘हा अपघात होता’ असं जे सरसकट लिहिलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. बुरशी बशीत पडली तो अपघात. पण अशा खराब झालेल्या बश्या प्रयोगशाळांत रोज धुतल्या जातात. याच माणसाला १९२१ मध्ये नाकातल्या स्रावात नि अश्रूंत जंतू विरघळवणारं लायसोझाइम सापडलं होतं, त्यामुळे त्या मोकळ्या कड्याचा अर्थ काय असू शकतो हे त्याच्या नजरेला सात वर्षांपासून ठाऊक होतं.

इथपर्यंत सापडलं. पुढे गाडी अडली. बुरशी ज्या पातळ रसात वाढते त्यात पेनिसिलिन अगदी नावाला असतं. रस तापवून आटवावा तर उष्णतेने ते मोडतं. आम्लात मोडतं, अल्कलीतही मोडतं. तो जंतुशास्त्रज्ञ होता, रसायनशास्त्रज्ञ नव्हता. पदार्थ शुद्ध करून कुपीत भरणं त्याच्या विद्येच्या बाहेरचं होतं. त्याच्या प्रयोगशाळेत तसे प्रयत्न झाले, पण टिकाऊ औषध हाती आलं नाही. मग त्याने तो रस एका वेगळ्याच कामाला लावला: नको असलेले जंतू मारून हवे ते जंतू बशीत एकटे वाढवायला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, बशीत बुरशी वाढली म्हणजे औषध झालं असं तो कधीही म्हणणार नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

ते काम ऑक्सफर्डला झालं, १९३९ पासून पुढे. करणारे शास्त्रज्ञ फ्लोरी, चेन आणि हीटली. यातला हीटली तक्त्यांवर कधीच नसतो, आणि युक्ती त्याची आहे. रस बर्फासारखा गार ठेवायचा, झटकन आम्लधर्मी करायचा नि इथर या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवासोबत हलवायचा, म्हणजे पेनिसिलिन इथरमध्ये उतरतं नि बराच कचरा पाण्यात मागे राहतो. मग तेच इथर किंचित अल्कधर्मी पाण्यात हलवायचं, की पेनिसिलिन पुन्हा पाण्यात येतं, पण आता खूपच स्वच्छ. शेवटी गोठवून सुकवायचं, कारण तापवून चालत नाही. २५ मे १९४० ला आठ उंदरांना घातक जंतू टोचले, त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न दिलेले चारही मेलेले होते, औषध दिलेले चारही जिवंत होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला ते टोचलं. तो चांगला सुधारला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून उतरलेलं पेनिसिलिन परत काढून त्यालाच देत होते, तरी पुरलं नाही आणि तो दगावला. सापडणं आणि बनवणं यांत बारा-तेरा वर्षांचं अंतर पडलं ते असं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून आहे. ‘फ्लेमिंगला पेनिसिलिनसाठी नोबेल’ एवढंच लिहिणं अर्धवट आहे.

आता अभियंता. एडिसनच्या दिव्यांच्या काचा आतून काळवंडायच्या. त्याचा छडा लावताना एडिसनने दिव्यात तापलेल्या तारेशेजारी एक वेगळी धातूची पट्टी बसवली. पट्टी धन टोकाला जोडली की पोकळीतून वीज वाहायची, ऋण टोकाला जोडली की नाही. एडिसनने १८८४ मध्ये त्यावर पेटंटही घेतलं, पण पुढे काही केलं नाही. सल्लागार म्हणून फ्लेमिंगच्या हाती तसे दिवे आले, त्याने त्यांवर प्रयोग केले नि ते कपाटात ठेवले. वीसेक वर्षांनी मार्कोनीच्या कामात एक निराळीच अडचण उभी राहिली. बिनतारी लहरींची वीज सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते. वीज दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा काटा एवढ्या वेगाने इकडेतिकडे जाऊ शकत नाही, म्हणून तो जागचा हलतच नाही. वीज एकाच दिशेने जाऊ दिली तर काटा सरकेल, हे उघड होतं. एकाच दिशेने वीज जाऊ देणारी वस्तू तर त्याच्या कपाटात पडून होती. १९०४ च्या ऑक्टोबरात त्याने ते दिवे काढून जोडले, काटा सरकला, आणि १६ नोव्हेंबर १९०४ ला पेटंटचा अर्ज गेला. पाण्याच्या नळीतली झडप जशी पाणी एकाच बाजूला सोडते तसंच, म्हणून नाव व्हॉल्व्ह.

इथे अपघात कुठेच नाही. समोर अडचण, हाताशी जुनी वस्तू, आणि दोन्ही जोडणारा माणूस. याला मी ‘बनवला’ म्हणेन, ‘शोध लावला’ म्हणणार नाही. पेशाचा फरकही इथेच दिसतो. अभियंत्याने लगेच पेटंट घेतलं, ते मार्कोनीच्या कंपनीकडे गेलं. डॉक्टरने पेनिसिलिनवर पेटंट घेतलं नाही.

आता दोन हातांबद्दल, कारण परीक्षेत गुण तिथे जातात. डावा हात चलित्राचा, म्हणजे मोटरचा: तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल. उजवा हात जनित्राचा: तर्जनी तीच, अंगठा वाहकाची गती, मधलं बोट प्रवर्तित धारा. मुलं हात पाठ करतात, प्रश्न काय दिलाय ते पाहत नाहीत. धारा दिलेली नि हालचाल विचारलेली असेल तर डावा. हालचाल दिलेली नि धारा विचारलेली असेल तर उजवा. आणि ‘इलेक्ट्रॉन डावीकडे जात आहेत’ असं दिलं असेल, तर मधलं बोट उजवीकडे धरायचं, कारण धारेची मानलेली दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट असते. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम, ज्यात तार मुठीत धरल्याची कल्पना करतात, तो निराळा आहे. तो मॅक्सवेलच्या नावावर आहे.

ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या नव्या लोकलमध्ये दोन्ही हात एकाच मोटरमध्ये सापडतात. ठाणे सोडताना वरच्या तारेतली वीज मोटरला मिळते, चाक फिरतं: डावा हात. ऐरोलीला थांबण्याआधी गाडीचा वेगच मोटरला फिरवतो, मोटर जनित्र होते, वीज वरच्या तारेत परत जाते: उजवा हात. आणि अशी तयार झालेली वीज त्याच चुंबकीय क्षेत्रातून वाहते, म्हणून तिच्यावर पुन्हा बल येतं. डाव्या हाताने ताडून पाहा, ते नेमकं हालचालीच्या उलट दिशेला येतं. तोच गाडीचा ब्रेक.

बाकी फ्लेमिंग पटकन. वॉल्टर फ्लेमिंग हा जर्मन, १८८२ मध्ये पेशीविभाजनाचं सविस्तर वर्णन करणारा. शिक्षणाने हाही वैद्यच. त्याच्या आडनावात रोमन लिपीत ‘एम’ दोनदा येतो, पण देवनागरीत तो फरक पुसला जातो, म्हणून पहिलं नाव लिहाच. सँडफर्ड फ्लेमिंग कॅनडातला रेल्वे अभियंता, जगभरच्या प्रमाणवेळेसाठी झटलेला.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची ती गोष्ट कृपया पुढे पाठवू नका, ज्यात फ्लेमिंगचे वडील बुडणाऱ्या चर्चिलला वाचवतात, चर्चिलचे वडील मुलाच्या डॉक्टरकीचा खर्च उचलतात आणि पुढे पेनिसिलिनने चर्चिल वाचतो. अलेक्झांडर सात वर्षांचा असताना त्याचे वडील वारले होते. वैद्यकीय शिक्षणाआधी चार वर्षं त्याने जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी केली, आणि शिक्षणाला हातभार लागला तो काकाकडून वारशाने आलेल्या पैशांचा. डिसेंबर १९४३ मध्ये चर्चिलला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याला दिलेलं औषध सल्फा गटातलं होतं. पेनिसिलिन नव्हतं.

तक्ता करायचाच असेल तर बशीच्या चित्राखाली ‘अलेक्झांडर फ्लेमिंग, डॉक्टर, सापडलं १९२८’ लिहा, शेजारी फ्लोरी, चेन, हीटलीसाठी जागा सोडून ‘औषध बनवलं, ऑक्सफर्ड’ लिहा. काचेच्या व्हॉल्व्हखाली ‘जॉन अँब्रोज फ्लेमिंग, विद्युत अभियंता, बनवला १९०४’. हाताचं चित्र या दुसऱ्याच्या बाजूला चिकटवा, आणि चिकटवण्याआधी ते डाव्याच हाताचं आहे ना ते पाहा. मोबाइलवर उलटं झालेलं चित्र छापलं गेलं तर डाव्याचा उजवा होतो.