रंगाआधी भिंतीची ओल पाहा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुलै संपत आला की ठाण्यातील आमच्या रंग व हार्डवेअरच्या दुकानात एकाच प्रकारची मागणी सुरू होते. गणपती तोंडावर आलेले असतात, हॉलमध्ये खिडकीखालच्या भिंतीला पोपडे धरलेले असतात, आणि ग्राहकाला पाच किलो पुट्टी, लिटरभर प्रायमर आणि जुन्याच शेडचा डबा हवा असतो, कारण येत्या रविवारी घरच्या घरी काम उरकायचे असते. दिवाळीच्या सुमारास त्यांपैकी बरेच जण त्याच भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणतात आणि पुट्टी खराब होती का, असे विचारतात. पुट्टी बहुतेक वेळा चांगलीच असते. ती ओल्या भिंतीवर लागलेली असते. घरी केलेल्या दुरुस्तीत इतर चुका सुधारता येतात, पण ही चूक सामान, मेहनत आणि सणाचे दिवस तिन्ही वाया घालवते, म्हणून या पत्रकात मुख्यतः तिच्याविषयीच लिहिले आहे.

आणलेला पोपडा आम्ही आधी उलटा करून पाहतो, आणि आपणही घरी तेच करावे. मागची बाजू गुळगुळीत असेल आणि बोटाला पिठासारखी पांढरी भुकटी लागत असेल, तर रंगाने खालच्या थराला धरलेच नव्हते. म्हणजे घासल्यानंतरची धूळ पुसली गेली नव्हती किंवा प्रायमर राहून गेला होता. हा दोष छोटा आहे आणि एका दिवसात दुरुस्त होतो. पुट्टीचा पूर्ण थर रंगासकट सुटून आला असेल आणि त्याच्या मागे मिठासारखे चमकणारे बारीक कण असतील, तर तो लोणा आहे. पोपड्याबरोबर वाळूही गळत असेल, तर खालचे प्लॅस्टर मेले आहे आणि तेथे पुट्टीचा काहीही उपयोग नाही.

लोणा कसा येतो हे समजले की पुढच्या सूचना वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. विटा, वाळू आणि सिमेंट यांत विरघळणारे क्षार असतातच. भिंतीत शिरलेले पाणी ते क्षार आपल्याबरोबर खोलीकडच्या पृष्ठभागावर आणते, तेथे पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिक वाढताना जागा मागतात, आणि ती जागा ते रंगाला व पुट्टीला आतून ढकलून मिळवतात. म्हणून रंग कितीही महागाचा घेतला तरी पाणी येत राहील तोवर तो सुटणारच. ठाण्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की भिंतीला सुकायला वावच मिळत नाही. गणपतीपूर्वीचा रविवार हा वर्षातला सर्वांत ओल्या भिंतीचा रविवार असतो, हे कृपया लक्षात घ्यावे.

पाणी येते कुठून?

दुकानात आम्ही डबा काढण्याआधी चार प्रश्न विचारतो, तेव्हा काही ग्राहकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण ओल केव्हा वाढते, एवढे एक उत्तर मिळाले तरी अर्धे निदान होते. पाऊस पडला की वाढते आणि उघडीप मिळाली की कमी होते, अशी ओल बाहेरच्या भिंतीतून येते. घरातल्यांच्या आंघोळी झाल्या की वाढते आणि कुटुंब गावी गेले की ओसरते, अशी ओल बाथरूमच्या जमिनीतून किंवा सांडपाण्याच्या पाइपमधून येते. उन्हाळ्यातही, घर बंद असतानाही, जी ओल हटत नाही ती बहुधा भिंतीत गाडलेल्या पाण्याच्या लाइनची असते, कारण त्या लाइनमध्ये दाब कायम असतो. जुन्या इमारतींत ही लाइन लोखंडी जीआय पाइपची असते आणि ती आतून-बाहेरून गंजत जाते. अशा वेळी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्यावी. टाइल फोडण्याचा निर्णय त्यानंतर.

बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत ग्राहक मोठ्या भेगा शोधतात आणि लहान भोके सोडून देतात. घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींपासून वाशी-नेरूळच्या जुन्या सोसायट्यांपर्यंत आम्हांला वारंवार दिसणारी जागा म्हणजे एसीच्या तांब्याच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेले भोक. ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असायला हवे आणि पाइपभोवतीची फट बाहेरून बंद असायला हवी. प्रत्यक्षात भोक आडवे किंवा आतल्या बाजूला उतरते पाडलेले असते, फट थोड्याशा पीओपीने आतूनच बुजवलेली असते, आणि पश्चिमेकडून पावसाची झोड आली की पाणी पाइपच्या अंगाने सरळ घरात येते. त्याखालोखाल खिडकीच्या ग्रिलचे बोल्ट, स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीतील बुजलेली पाणी जाण्याची छिद्रे आणि माती भरलेले फ्लॉवर बेड यांचा क्रम लागतो. स्लायडिंग खिडकीची छिद्रे जुन्या टूथब्रशने साफ करण्याला एक पैसाही लागत नाही, आणि केवळ तेवढ्याने ओल थांबलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

बाथरूमचा संशय असेल तर पाणी साठवून पाहण्याची चाचणी घरी करता येते. नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करावे, उंबरठ्याच्या खाली राहील असे सुमारे इंचभर पाणी भरावे, टाइलवर पेन्सिलने पातळीची खूण करावी आणि 24 तास बाथरूम वापरू नये. थोडे पाणी वाफ होऊन कमी होतेच; पण पातळी स्पष्ट खाली गेली किंवा खालच्या घराच्या छतावर डाग वाढला, तर जमिनीतून गळती आहे. चाचणीपूर्वी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना जरूर सांगावे. ही गळती टाइलच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून थांबेल अशी अपेक्षा बऱ्याच जणांची असते. व्हाइट सिमेंट सुकताना आकसते आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. शिवाय जुना सांधा खरवडून खोल न करता वरून लावलेला थर पहिल्या काही धुण्यांतच निघून जातो. सांधे मोकळे करून चांगल्या प्रतीचा ग्राउट भरल्यास पाणी झिरपणे कमी होते, मात्र पाणी अडवण्याचे खरे काम टाइलखालचे वॉटरप्रूफिंग करत असते, आणि तेच गेले असेल तर ग्राउट विकून आम्ही आपली समजूत घालणार नाही.

खर्च कोणाचा, हाही प्रश्न दुकानात हमखास निघतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, तसेच सामाईक बाह्य पाइप आणि ड्रेनेज लाइनची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. घरातील संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो. म्हणून ओल बाहेरची आहे असे दिसले, तर आतून सामान घेण्याआधी संस्थेला लेखी कळवावे आणि तारखेसह फोटो ठेवावेत. आतून झाकलेल्या भिंतीची तक्रार कमिटीला पटवणे नंतर अवघड जाते.

भिंत सुकली हे कसे ओळखावे

हाताला कोरडी लागलेली भिंत आत ओली असू शकते. दीड फूट लांब-रुंद जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावावा आणि किमान 16 तास, शक्य तर पूर्ण दिवस-रात्र ठेवावा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले किंवा खालची जागा गडद झाली, तर भिंतीतून अजून ओल येत आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर ते खोलीतील दमट हवेचे आहेत. बंद कपाटामागे काळे ठिपके धरणाऱ्या भिंतींची तक्रार बहुधा हीच असते आणि तेथे कपाट चार बोटे पुढे ओढून हवा खेळती ठेवणे हा पहिला उपाय आहे. आमच्याकडे ओल मोजण्याचे मीटरही आहे. भिंतीत क्षार असले की त्याचा आकडा फुगतो, त्यामुळे आम्ही ओल्या भागाचे वाचन त्याच खोलीतील चांगल्या भिंतीशी ताडून पाहतो. एकट्या आकड्यावरून निर्णय देत नाही.

गळती थांबल्यानंतर भिंत सुकायला इंचभर जाडीला साधारण महिना, असा ढोबळ हिशेब बांधकामात धरतात. ऑक्टोबरच्या उन्हात आणि पंखा लावून हे काम लवकर होते, पण पावसाळ्यात घाई करून होत नाही. हा काळ वाया जाऊ देऊ नये. सुटलेला रंग आणि पुट्टी पट्टीने मूळ प्लॅस्टरपर्यंत खरवडून काढावी, म्हणजे भिंतीला श्वास मिळेल. पीओपीचा थर असेल तर तो पूर्ण काढावा, कारण पीओपी म्हणजे जिप्सम, आणि ओलीत ते मऊ पडते. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, खाली पडलेली पूड उचलून टाकावी, आणि पुन्हा फुटला तर पुन्हा झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि केलेले काम फुकट जाते. त्यानंतर पट्टीच्या मुठीने भिंत ठोकून पाहावी. जेथे पोकळ आवाज येतो तेथील प्लॅस्टर काढून नवे करावे, त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे, आणि रंगापूर्वी सुमारे 28 दिवस जाऊ द्यावेत. ताज्या सिमेंटचा अल्कलीपणा रंगाला डाग पाडतो, त्यामुळे येथे दिवस वाचवण्यात फायदा नाही.

पुट्टीबद्दल थोडेच सांगायचे आहे. ओलीचा इतिहास असलेल्या भिंतीला व्हाइट सिमेंटची पुट्टी घ्यावी, अ‍ॅक्रिलिक पुट्टी नको. दोन पातळ हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवावी. खड्डा त्याहून खोल असेल तर तो आधी सिमेंटच्या मालाने भरावा. घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती वापरू नये. घासल्यानंतरची धूळ पूर्ण पुसल्याखेरीज प्रायमर लावू नये.

"त्यापेक्षा एखादे केमिकल द्या, आतून मारतो," असेही बरेच जण म्हणतात. अशी कोटिंग आमच्याकडे आहेत आणि योग्य जागी ती उत्तम काम करतात. योग्य जागा म्हणजे पाणी जेथून शिरते ती बाजू. आतून लावलेले कोटिंग पाण्याचा बाहेर पडण्याचा रस्ता बंद करते, पाणी भिंतीतच पसरते आणि काही आठवड्यांनी हात-दोन हात पलीकडे, कित्येकदा शेजारच्या बेडरूममध्ये, नवा डाग उमटतो. बाहेरून काम करणे खरोखर अशक्य असेल तेव्हाच आम्ही आतले कोटिंग सुचवतो, आणि तेव्हाही हा धोका आधी सांगूनच.

दोन ठिकाणी मात्र आपण स्वतः हात घालू नये, अशी आग्रहाची विनंती आहे. ओल स्विचबोर्डपर्यंत पोहोचली असेल तर मेन स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. त्या भागात ओल्या कपड्याने पुसणे किंवा पट्टीने खरवडणे जिवावर बेतू शकते. आणि बीम, कॉलम किंवा स्लॅबवर सळईच्या रेषेत भेग व तांबूस डाग दिसला, तर त्यावर पुट्टी भरू नये. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते आणि काँक्रीटला आतून फोडते. पुट्टीने भेग फक्त दिसेनाशी होते. ते काम अभियंत्याने पाहायचे आहे. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे, याची कमिटीला आठवण करून देण्यास ही योग्य वेळ असते.

गणपतीसाठी काय करावे

सणाला घर नीटनेटके दिसावे, ही इच्छा आम्ही पूर्ण समजतो. ओली भिंत असेल तर सुटलेले पोपडे खरवडून, लोणा झाडून, तेवढा भाग तसाच उघडा ठेवावा, आणि मखराचा पडदा भिंतीपासून थोडे अंतर सोडून लावावा, म्हणजे मागून हवा जाईल. बाकीच्या कोरड्या भिंतींना रंगाचा एक हात दिला तरी खोली उजळते. त्यासाठी लागणारा लहान डबाही आम्ही देतो. ओल्या भागाचे पूर्ण काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते मे या काळात करावे. त्या काळात केलेल्या कामालाच आम्ही हमी देतो; पावसाळ्यात ओल्या भिंतीवर केलेल्या रंगाला हमी देत नाही, आणि काही ग्राहक यावरून नाराज झाले तरी हा नियम आम्ही बदललेला नाही.

मशिनवर शेड मिसळलेला डबा परत घेता येत नाही, कारण तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. म्हणून डबा मिसळण्याआधी आम्ही जे विचारतो त्याची उत्तरे सावकाश द्यावीत. घरी येऊन ओल तपासण्याचे शुल्क आकारले जाते, आणि सामान किंवा काम आमच्याकडून घेतल्यास ते बिलातून वजा होते. दुकानात येताना ओल्या भिंतीचा जवळून एक आणि पूर्ण भिंत दिसेल असा लांबून एक फोटो, भिंतीच्या पलीकडे काय आहे याची माहिती, आणि सुटलेला पोपडा शक्यतो अखंड असा आणावा.