सॅन अँड्रियासचं वय काढलं कसं?

भूगर्भशास्त्रज्ञ अँड्र्यू लॉसन यांनी 1895 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाला (भ्रंश म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात अशी जमिनीतली भेग) नाव दिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सॅन फ्रान्सिस्कोजवळचा एक तुकडाच होता. 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात जमीन सुमारे 470 किलोमीटर फाटली आणि टोमालेस खाडीच्या टोकाशी एक रस्ता तुटून जवळजवळ 6 मीटर बाजूला गेला. एका धक्क्यात एवढं, तर आजवर एकूण किती? 1953 मध्ये मेसन हिल आणि टॉम डिब्ली या भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘शेकडो किलोमीटर’ असं उत्तर दिलं. तेव्हा ते अनेकांच्या पचनी पडलं नाही.

पुढे पुरावा मिळाला तो मध्य कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल्सच्या सुळक्यांत. हे ज्वालामुखी खडक आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडचे नीनाखचे खडक मुळात एकच. भ्रंशाने त्यांना सुमारे 315 किलोमीटर दूर नेलं. वय 2 कोटी 30 लाख वर्षं. पण हे खडकाचं वय आहे, भ्रंशाचं नव्हे. भ्रंशाने इथला खडक कापला तो त्यानंतर केव्हातरी, एवढंच त्यावरून ठरतं. हा फरक लोकप्रिय लेखनात हटकून निसटतो.

भ्रंशावरचे जुने भूकंप केव्हा झाले, हा वेगळा प्रश्न. त्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते भूगर्भशास्त्रज्ञ केरी सी यांचं, भ्रंशावरच्या पॅलेट क्रीक या ओढ्याकाठचं काम. ओढ्याकाठच्या जुन्या दलदलीत त्यांनी चर खणले. चराच्या भिंतीत काळ्या पीटचे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे) आणि वाळूचे थर एकावर एक. खालचे थर भ्रंशरेषेवर तुटलेले, वरचा मात्र अखंड. म्हणजे भूकंप या दोहोंच्या मधल्या काळातला. पीटमधल्या किरणोत्सारी कार्बनवरून त्याचं वय (रेडिओकार्बन वय) काढलं की तारखेचा पल्ला हाती येतो. 1978 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. 1989 च्या सुधारित मोजणीत शेवटच्या 10 भूकंपांमधलं सरासरी अंतर 132 वर्षं आलं. पण नऊपैकी पाच अंतरं शंभर वर्षांहूनही कमी, तर काही दोन-तीनशे वर्षांची. सरासरीवर भिस्त ठेवून पुढचा भूकंप सांगता येत नाही, तो यामुळेच.

आता सरकण्याचा वेग. कॅरिझो मैदानात भ्रंश ओलांडणारा वॉलेस क्रीक हा ओढा सुमारे 3,700 वर्षांत 130 मीटर वाकला आहे. वर्षाला साधारण 34-35 मिलिमीटर. पिनॅकल्सचं अंतर खडकाच्या वयाने भागलं तर जेमतेम 14 येतात. म्हणजे भ्रंशाचा हा भाग खडकाहून बराच तरुण आहे, आणि कॅलिफोर्नियाचं आखात उघडू लागल्यावर, म्हणजे गेल्या 50-60 लाख वर्षांत, त्याने वेग घेतला.

पॅलेट क्रीकजवळ शेवटचा मोठा तडा 9 जानेवारी 1857 चा.