पार्श्वभूमी: सुवा घराण्याची तलवार आणि देव्हारा

जपानच्या शिनानो प्रांतातल्या सुवा घराण्याचा विषय निघाला की गाडी लगेच ताकेदा शिंगेनवर, म्हणजे ज्या शेजारच्या सरदाराने त्यांना बुडवले त्याच्यावर येते. पण १५४२ मध्ये कोसळलेल्या या घराण्याला तडा साठ वर्षे आधीच गेला होता, आणि तो घरातल्यांनीच पाडला होता.

सुवा देवस्थानाच्या वरच्या मंदिराचा प्रमुख म्हणजे ओहोरी. तो देवाचा सेवक नव्हे, देवाचे चालतेबोलते रूप मानला जाई. बहुधा लहान मुलालाच या गादीवर बसवत. विधींची खरी सूत्रे मोरिया घराण्याकडे असत. ओहोरीने सुवाची हद्द ओलांडायची नाही, हा कडक दंडक होता. मात्र सुवा घराणे होजो सत्ताधीशांचे विश्वासू लढवय्येही होते. १३३५ मध्ये त्यांनी होजोंच्या वारसाला पाठीशी घालून त्यांची जुनी राजधानी कामाकुरा जिंकली आणि जेमतेम वीस दिवसांत गमावलीही. लढाईला जाणारे आणि देव्हाऱ्यात बसणारे वेगळे ठेवणे भागच होते. त्यातून पुढे ओहोरीचे घर आणि कुळप्रमुखाचे घर अशा दोन शाखा पडल्या.

१४८३ च्या आरंभी ओहोरी त्सुगुमित्सुने कुळप्रमुख मासामित्सुला मेजवानीला बोलावले आणि ठार केले, तेही देवस्थानाच्या पवित्र वाड्यात. बहुतेक जण ही घटना भाऊबंदकी म्हणून दोन ओळींत उरकतात. ते पटत नाही. जिथे रक्ताचा थेंबही निषिद्ध, तिथे खुद्द देवरूपाने खून पाडला होता. मोरियांसह कुळातले लोक त्याच्यावर उलटले, ते केवळ जमिनीसाठी असे म्हणता येत नाही. त्यांनी त्सुगुमित्सुला हाकलले आणि मासामित्सुच्या लहानग्या मुलाला, योरिमित्सुला, ओहोरी केले. अशा रीतीने दोन्ही अधिकार एकाच घरात आले.

हा निर्णय योग्य होता का, यावर आजही मतभेद आहेत. बळ वाढले हे खरे: योरिमित्सुने १५१८ मध्ये खालच्या मंदिराच्या कानासाशी घराण्याला संपवले. पण धोकाही एकवटला. १५४२ मध्ये शिंगेनने योरिमित्सुचा नातू, कुळप्रमुख योरिशिगे, आणि ओहोरी असलेला धाकटा नातू योरिताका, दोघांनाही पोट फाडून मरायला लावले. एका फटक्यात दोन्ही गाद्या रिकाम्या झाल्या. पुढे त्याच शिंगेनने सुवा देवाचे नाव निशाणावर मिरवले, बंद पडलेले विधी सुरू करवले, आणि योरिशिगेच्या मुलीपासून झालेल्या आपल्या मुलाला, कात्सुयोरीला, सुवा हे आडनाव दिले. ही भक्ती खोटी होती असे नाही. पण देवस्थानाशिवाय सुवा हाती राहत नाही, हे त्याला पुरते कळले होते.

१५८२ मध्ये ताकेदांचे शत्रू असलेल्या ओदांच्या फौजेने वरचे मंदिर जाळले आणि ताकेदा बुडाले. मारल्या गेलेल्यांचा चुलतभाऊ योरितादा तेव्हा ओहोरी होता; त्याने सुवा परत मिळवले. १५९० मध्ये त्याला आपले धनी तोकुगावा यांच्याबरोबर पूर्वेकडच्या कान्तो प्रदेशात जावे लागले, १६०१ मध्ये त्याचा मुलगा योरिमिझू २७,००० कोकूंचा (कोकू हे तांदळाच्या उत्पन्नाचे माप) जहागीरदार होऊन सुवातल्या ताकाशिमाला परतला. ओहोरीची गादी मात्र त्याने आपल्याकडे ठेवली नाही, ती धाकट्या भावाकडे गेली. माझ्या मते या घराण्याचा सर्वांत शहाणा निर्णय हाच. दोन्ही शाखा त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे टिकल्या. १८७१ मध्ये मेइजी सरकारने वंशपरंपरागत पुजारीपण रद्द केले, आणि त्याच वर्षी काही महिन्यांत जहागिरीही.