रिकाम्या सेलमधून उठणारी उष्णतेची लाट

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात पारा किती चढला हाच बोलण्याचा विषय असतो. पण ऊन असह्य झालं म्हणून ‘उष्णतेची लाट’ ठरत नाही. भारतीय हवामान विभागाचे निकष नेमके आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस हवं. ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. शिवाय सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला तर लाट आणि ४७ ला पोचला तर तीव्र लाट.

हे निकष एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे तक्त्यावरचं काम आपोआप करणाऱ्या व्हीबीए भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, घालायला सोपे वाटतात. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये कमाल तापमान, सी मध्ये त्या तारखेची नेहमीची सरासरी, डी मध्ये निकाल. ऑल्ट आणि एफ११ दाबून एडिटर उघडायचा, दुसऱ्या रो-पासून शेवटच्या रो-पर्यंत ‘फॉर’ लूप, म्हणजे प्रत्येक रोवर तेच काम करणारं चक्र, फिरवायचा. शेवटची रो शोधताना वरून खाली येऊ नका, मधल्या रिकाम्या सेलपाशीच शोध थांबतो. शीटच्या तळाशी, म्हणजे १०,४८,५७६ व्या रोवर जाऊन तिथून वर या. रो मोजणारं व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवणारं नाव, ‘लाँग’ या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारचं ठेवा. ‘इंटिजर’मध्ये ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, रोजची एक नोंद धरली तर सुमारे ९० वर्षांच्या तक्त्यात लूप मध्येच ओव्हरफ्लो एरर देऊन थांबेल.

कंडिशनचा क्रमही महत्त्वाचा. ‘इफ–एल्सइफ’च्या साखळीत जी अट आधी खरी ठरते तिचंच काम होतं, खालच्या अटींकडे मॅक्रो बघतही नाही. ४५ ची अट वर ठेवली तर ४७.३ अंशांचा दिवसही साध्या लाटेत जमा होतो. म्हणून कडक अट आधी लिहायची.

खरा धोका मात्र सेलमध्ये काय आहे यात असतो. समजा एके दिवशी कमाल ४१ अंश आहे आणि सरासरीचा सेल रिकामाच राहिला. मॅक्रो रिकाम्या सेलला शून्य धरतो. ४१ वजा शून्य, फरक ४१, निकाल ‘तीव्र लाट’. एरर नाही, सूचना नाही. सेलमध्ये ‘नोंद नाही’ असं लिहिलेलं असेल तर निदान एरर १३, म्हणजे टाइप मिसमॅच येऊन काम थांबतं. मला तो थांबणारा मॅक्रो बरा वाटतो. गुपचूप चुकणारा कळेपर्यंत तक्ता पुढे गेलेला असतो.

यावर ‘इजन्यूमेरिक’ची चाचणी पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही. रिकाम्या सेललाही ती ‘हो, संख्या आहे’ म्हणते. सेल रिकामा आहे का हे ‘इजएम्प्टी’ने वेगळं तपासावं लागतं. आणि या चाचण्या व तापमानाची अट ‘अँड’ने एकाच ओळीत जोडू नका. या भाषेत ‘अँड’ची पहिली बाजू खोटी ठरली तरी दुसरी बाजू तपासली जातेच, त्यामुळे मजकुराच्या सेलवर एरर येतोच. आधी बाहेरचा ‘इफ’, त्याच्या पोटात दुसरा, असंच लिहावं लागतं.

आता हा फरक बघा. कमाल ४३.२, सरासरी ३६.८. वजाबाकी बरोबर ६.४, म्हणजे साधी लाट. मॅक्रो मात्र तीव्र लाट सांगतो! संगणक आकडे द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, पद्धतीत साठवतो आणि ४३.२ किंवा ३६.८ हे त्यात नेमके बसत नाहीत. वजाबाकी ६.४०००००००००००००६ च्या आसपास येते, आणि ती ६.४ पेक्षा मोठी ठरते. मूळ नोंद एका दशांश स्थळाची असेल तर तुलनेआधी फरक ‘राउंड’ने एका दशांशावर आणा.

लाट जाहीर करायला विदर्भासारख्या एका हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष पूर्ण व्हावे लागतात, त्यामुळे एकट्या नागपूरच्या तक्त्यावरून विदर्भाची लाट ठरत नाही. एका केंद्राचे सलग दिवस मात्र तपासता येतात. त्यासाठी लूप तिसऱ्या रो-पासून सुरू करा आणि वरच्या रोचा निकालही बघा. पण वरची रो म्हणजे कालचा दिवस असं गृहीत धरू नका. तारखांची वजाबाकी १ आहे का, हेही अटीत हवं, नाहीतर एखादा दिवस गळाला तरी ‘सलग’ ठरेल.

एडिटरमध्ये थेट ‘लाट’ असं मराठीत टाइप केलं तर प्रश्नचिन्हं उमटतात. तो शब्द शीटवरच्या एका सेलमध्ये, म्हणा जी१ मध्ये लिहून तिथून उचलायचा.

मॅक्रोने केलेले बदल अनडू होत नाहीत, म्हणून आधी फाइलची कॉपी ठेवा. त्या कॉपीत सहा रो मुद्दाम भरा: नेमका ४७ चा दिवस, ४४.९ चा दिवस, रिकामी सरासरी, ‘नोंद नाही’, ४३.२ आणि ३६.८ ची जोडी, आणि मध्ये एक तारीख गाळून त्यानंतरचा दिवस. सहाही निकाल हाताने काढून पडताळा, मगच सगळ्या वर्षांवर लूप फिरवा.