मार्दुक : सत्तरचे अकरा करणारा देव

इ.स.पू. ६८९ मध्ये असिरियाचा (आजच्या उत्तर इराकमधलं राज्य) राजा सेन्नाकेरिब याने बॅबिलॉन शहर पार भुईसपाट केलं. घरं पाडली, देवळं पाडली, कालव्यांचं पाणी शहरात सोडलं आणि वर हे सगळं मोठ्या अभिमानाने कोरूनही ठेवलं. आता शहर मार्दुकचं, मार्दुक म्हणजे सगळ्या देवांचा राजा, आणि त्याच्याच गावाची ही गत, मग देव काय करत होता? उत्तर द्यायची वेळ आली सेन्नाकेरिबच्या मुलावर, एसरहॅडनवर, कारण त्याला शहर परत बांधायचं होतं आणि बापाला नावंही ठेवायची नव्हती. त्याच्या लेखात काय म्हटलंय बघा : बॅबिलॉनचे लोक वाईट वागले म्हणून मार्दुकच चिडला, शहर ७० वर्षं ओसाड राहील असं त्याने पाटीवर लिहिलं, पण पुढे त्याचा राग निवळला, त्याने तो आकडा उलटा केला आणि अकराव्या वर्षी शहर वसवायची आज्ञा दिली.

७० उलटे केले की ११ कसे काय? आपल्या अंकांत नाहीच होत. बॅबिलॉनी अंकांत मात्र मस्त होतं. त्यांचं सगळं मोजमाप ६० वर चालायचं. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने एक उभी खूण दाबली की १, कोपऱ्याची तिरकी खूण दाबली की १०. आणि तीच उभी खूण एक घर डावीकडे सरकली की तिची किंमत ६०. म्हणजे आधी उभी मग तिरकी असं लिहिलं तर ६० अधिक १०, सत्तर. आधी तिरकी मग उभी, तर १० अधिक १, अकरा. दोन खुणांची अदलाबदल केली की ५९ वर्षांची शिक्षा माफ! देवाचा शब्द खोटा पडला नाही, राजाचं काम झालं आणि बापाची अब्रूही राहिली. ज्या कोणा पंडिताने ही आयडिया काढली त्याला मानलं पाहिजे.

मला मार्दुकबद्दल वाचताना हेच सगळ्यात भारी वाटतं, की त्या देवाच्या मागे सतत आकडे आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे जुन्या इराकच्या भागात, मोठ्या देवांना नंबरच होते आणि लिहिताना कधी कधी नावाऐवजी नुसता नंबर लिहायचे. आकाशाचा अनू ६०, वाऱ्यावादळांचा आणि राजसत्तेचा एन्लिल ५०, गोड्या पाण्याचा एआ ४०, चंद्रदेव सिन ३०, कारण महिन्याचे दिवस तीस. या यादीत मार्दुक वर वगैरे नव्हताच. तो मुळात एका किरकोळ गावाचा ग्रामदेव, आणि ते गाव म्हणजे बॅबिलॉन, आजच्या इराकमध्ये हिल्ला शहराजवळ. गावाचं नशीब फळफळलं ते तिथल्या हम्मुराबी राजाच्या वेळी, इ.स.पू. अठराव्या शतकात. त्याने आजूबाजूची राज्यं जिंकली आणि कायद्यांच्या प्रसिद्ध शिळेवर (ती आता पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये आहे) सुरुवातीलाच लिहून टाकलं की अनू आणि एन्लिलने सगळ्या माणसांवरची सत्ता मार्दुकला दिली. गाव मोठं झालं की देवाला बढती, इतकं सरळ.

पुढची बढती कवितेतून मिळाली. 'एनूमा एलिश' हे सात पाट्यांचं काव्य, बऱ्याच अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ११०० च्या आसपासचं. त्यात खाऱ्या पाण्याची आदिमाता टियामाट देवांवर उलटते, म्हातारे देव घाबरतात, आणि तरुण मार्दुक म्हणतो मी लढतो, पण मला सगळ्यांचा राजा करा. सौदा पक्का! तो तिच्या तोंडात वारा घुसवतो, बाण मारतो, आणि सुकवायच्या माशासारखी तिला मधोमध चिरून एका अर्ध्याचं आकाश करतो. मग आकाशात ताऱ्यांच्या जागा ठरवतो, वर्षाचे बारा महिने पाडून प्रत्येक महिन्याला तीन तारे नेमतो, चंद्राला सांगतो की सातव्या दिवशी अर्धा मुकुट घाल, पंधराव्या दिवशी पूर्ण हो. म्हणजे युद्ध जिंकल्यावर हा देव पहिलं काम काय करतो तर कॅलेंडर. शेवटी देव त्याला पन्नास नावं देतात. पन्नासच का ते आता लक्षात आलं असेल, तो एन्लिलचा नंबर होता. जुन्या साहेबांची खुर्ची नव्या साहेबांना, पण अगदी मानाने. (असिरियावाल्यांनी नंतर याच काव्याची कॉपी केली आणि मार्दुकच्या जागी आपल्या अश्शूर देवाचं नाव घातलं, तेही सांगून ठेवतो.)

आता पूजा. मार्दुक एसागिला नावाच्या देवळात राहायचा, आणि 'राहायचा' हे शब्दशः घ्यायचं. मूर्ती म्हणजे देवाचं चित्र किंवा आठवण नव्हे, देव स्वतः. त्याला रोज जेवण, कपडे, दागिने, सगळं. मूर्ती घडल्यावर तिच्यात देव आणायचा विधी असायचा, त्याला 'मीस पी' म्हणायचे, म्हणजे तोंड धुणं. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण होतेच, पण यात एक भाग असा आहे की तो वाचून मी थांबलोच. मूर्तीला नदीकाठच्या बागेत नेतात, बोरूच्या झोपड्यांत ठेवतात, रात्रभर मंत्र, पुन्हा पुन्हा तोंड धुणं, आणि मग ज्या कारागिरांनी ती मूर्ती घडवली त्यांना पुढे आणून त्यांचे हात कापडाने बांधतात आणि लाकडी सुरीने ते हात कापल्याचं नाटक करतात. कारागिराने शपथ घ्यायची की हे मी केलेलं नाही, हे माझ्या कलेच्या देवाने केलंय. मंत्रातच स्पष्ट म्हटलंय की तोंड उघडल्याशिवाय या मूर्तीला धूप हुंगता येत नाही, जेवता येत नाही, पाणी पिता येत नाही.

मूर्ती म्हणजेच देव असं एकदा मानलं की शत्रूला काय करायचं ते आपोआप कळतं. इ.स.पू. १५९५ च्या सुमारास हित्तींनी (आजच्या तुर्कस्तानातले लोक) बॅबिलॉन लुटलं तेव्हा मार्दुक तिकडे गेला, नंतर असिरियाने नेला, नंतर इलामच्या (आजचा नैऋत्य इराण) राजांनी नेला, तिथून बॅबिलॉनचा राजा पहिला नेबुकॅडनेझर याने परत आणला. देव पळवून नेला हे भक्तांना पचणार कसं? तर एक मजकूर सापडलाय ज्यात मार्दुक स्वतः बोलतो, आणि म्हणतो की मला कोणी नेलं नाही, मीच गेलो होतो! हित्तींच्या देशात चोवीस वर्षं राहिलो, बॅबिलॉनच्या लोकांचा व्यापार तिथे लावून दिला. सेन्नाकेरिबच्या हल्ल्यानंतरही बॅबिलॉनची बखर कोरडेपणाने नोंदवते की वीस वर्षं देव अश्शूर शहरात होता आणि अकितूचा उत्सव झाला नाही.

अकितू म्हणजे नवं वर्ष. निसान्नू महिन्यात, मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आपला चैत्र येतो साधारण तेव्हाच, अकरा-बारा दिवस चालायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी मोठा पुजारी मार्दुकसमोर एनूमा एलिश पूर्ण म्हणायचा. पाचव्या दिवशी राजा देवळात यायचा आणि इथे खरी मजा. पुजारी राजाचा राजदंड, कडं, गदा, मुकुट सगळं काढून घ्यायचा, देवासमोर नेऊन ठेवायचा, बाहेर येऊन राजाच्या गालावर एक ठेवून द्यायचा, मग कान धरून आत ओढत न्यायचा आणि गुडघ्यावर बसवायचा. राजाने म्हणायचं की हे देशांच्या स्वामी, मी पाप केलं नाही, बॅबिलॉनचा नाश केला नाही, इथल्या मानाच्या नागरिकांच्या गालावर मारलं नाही. (हे शेवटचं स्वतः गाल चोळत.) मग सगळी चिन्हं परत मिळायची आणि पुन्हा एक थप्पड. डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न, नाही आलं तर देव नाराज आणि राजाचा घात ठरलेला. मला वाटतं कोणताही शहाणा राजा तिथे रडून मोकळा होत असणार. या विधीच्या ज्या पाट्या मिळाल्यात त्या बऱ्याच उशिराच्या, ग्रीक राजांच्या काळातल्या आहेत, म्हणजे जेव्हा सिंहासनावर परके बसले होते आणि पुजाऱ्यांना राजाला त्याची जागा दाखवावीशी वाटणं अगदी साहजिक होतं.

पुढच्या दिवसांत मार्दुकचा मुलगा नाबू, हा लेखनाचा देव, जवळच्या बोर्सिप्पा गावाहून यायचा, आणि मग राजा मार्दुकचा 'हात धरून' त्याला मिरवणुकीने इश्तार दरवाजातून शहराबाहेरच्या अकितू घराकडे न्यायचा. त्या दरवाजाच्या निळ्या विटांवर मार्दुकचा प्राणी आहे, मुश्खुश्शू, सापाचं डोकं, पुढचे पाय सिंहाचे, मागचे गरुडाचे. दरवाजाचा पुढचा भाग बर्लिनला नेऊन उभा केलाय. रोबर्ट कोल्डेवाय या जर्मन माणसाने १८९९ पासून तिथे खोदकाम केलं, एसागिला त्याला वीसेक मीटर मातीखाली सापडलं. शेजारचा मनोरा एतेमेनान्की, पाया एका बाजूने सुमारे ९१ मीटर, त्याचा आता जवळजवळ खड्डाच उरलाय, विटा पुढच्या शतकांत लोकांनी नेल्या.

राजाशिवाय अकितू होत नाही, आणि याच नियमाने शेवटचा बॅबिलॉनी राजा नबोनिडस अडचणीत आला. त्याला चंद्रदेव जास्त प्रिय, आणि तो दहा वर्षं अरबस्तानात तैमा इथे जाऊन राहिला. बखर दर वर्षी तेच लिहिते : राजा आला नाही, नाबू आला नाही, मार्दुक बाहेर निघाला नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा सायरस चालून आला आणि त्याने मातीच्या एका दंडगोलावर लिहवून घेतलं की मार्दुकनेच चांगला राजा शोधत शोधत माझा हात धरला. हा सायरसचा दंडगोल २०१३ च्या डिसेंबरात मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनाला आला होता, बऱ्याच जणांनी तो सायरससाठी बघितला असेल, पण त्यातला हिरो मार्दुक आहे.

राज्य गेलं, देऊळ मात्र चालू राहिलं, आणि विज्ञानाच्या दृष्टीने मोठं काम झालं ते त्यानंतरच. मार्दुकचा ग्रह म्हणजे गुरू. एसागिलाशी जोडलेले पंडित रात्रीमागून रात्र ग्रह कुठे आहेत ते लिहीत, आणि त्याच पाट्यांवर सहा महिन्यांची कहाणी एकत्र : जवाचा भाव, खजुराचा भाव, तिळाचा, लोकरीचा, युफ्रेटिसचं पाणी किती चढलं. सापडलेल्या नोंदी इ.स.पू. ६५२ पासून इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंतच्या आहेत. इ.स.पू. १६४ मध्ये त्यांनी हॅलेचा धूमकेतूही टिपला.

इतक्या नोंदी साठल्या की माणूस गणिताकडे वळतोच. २०१६ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या माट्यू ओसेंड्रायव्हर यांनी काही पाट्यांचा उलगडा छापला, पाट्या इ.स.पू. ३५० ते ५० मधल्या. पहाटे गुरू पहिल्यांदा दिसला की त्या दिवशी तो ताऱ्यांमधून १२ कला सरकतो (एका अंशाच्या ६० कला, हे साठ पण त्यांचेच), मग वेग कमी होत होत साठाव्या दिवशी साडेनऊ कला. साठ दिवसांत एकूण किती सरकला? त्यांनी दोन्ही वेगांची सरासरी काढली, पावणेअकरा कला, गुणिले ६०, उत्तर १० अंश ४५ कला. आज शाळेत वेग आणि काळाचा आलेख काढून त्याखालच्या समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढतात ना, तेच हे, आणि पाटीवर खरंच समलंब चौकोनाची भाषा आहे. पुढे अंतर अर्धं कापायला गुरूला किती दिवस लागले, तेही ते चौकोन विभागून काढत. त्याआधी ही युक्ती चौदाव्या शतकातल्या ऑक्सफर्डची मानली जायची.

हे काम फुकट चालत नव्हतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला एसागिलाच्या सभेचा एक ठराव मिळालाय. वडिलांच्या जागेवर मुलाने ज्योतिषी म्हणून अर्ज केलाय, सभेने बघितलं की हा निरीक्षणं नीट करू शकतो, आणि त्याला जागा दिली : वर्षाला एक मीना चांदी, म्हणजे साधारण अर्धा किलो, आणि वडिलांकडे होती ती शेतजमीन.