पितळ परतले, कल्हई मागेच राहिली

दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या बाजारात गेल्या काही वर्षांपासून पितळेची पातेली, तांब्याचे हंडे आणि बिडाचे तवे पुन्हा मांडलेले दिसतात. ऑनलाइन दुकानांत तर ठोक्याठोक्यांच्या पितळी कढयांचे पानेच्या पाने फोटो असतात. लोक हौसेने घेतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यात टोमॅटोचे सार किंवा ताकाची कढी करतात. भांड्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा (टिनचा) पातळ थर, आहे का, हे आधी विचारायचे असते, याचीच अनेक घरांत आता कुणाला कल्पना नाही. मधल्या दोन पिढ्या स्टीलवर वाढल्या. हे कसे झाले ते समजून घ्यायला चुलीवरच्या भांड्यांचा इतिहास थोडा मागे जाऊन बघावा लागतो.

धातू आपल्याकडे नवा नाही, पण स्वयंपाक फार काळ मातीतच झाला. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती इसवी सनपूर्व सुमारे १४०० ते ७०० या काळातली. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केले. तिथे तांब्याचे मणी, बांगड्या, छिन्न्या सापडल्या. पण रांधायची आणि साठवणीची भांडी मातीचीच. तांबे दुर्मीळ होते, ते हत्यारांसाठी आणि दागिन्यांसाठी राखले जाई. पुढेही गरिबाच्या घरात गाडगी-मडकी टिकली ती काही नाइलाज म्हणूनच नव्हे. मातीच्या भांड्याला आंबटाचे वावडे नाही. कोकणात आणि गोव्यात माशाचे कालवण मातीच्या भांड्यात मुरू द्यायची रीत आहे, त्यामागे कोकम आणि चिंच आहे. खानदेशात मांडे करायला मातीचे खापर चुलीवर पालथे घालतात. हातावर वाढवत नेलेली पुरणाची पोळी त्याच्या गोल पाठीवर पसरते. हे काम सपाट तव्यावर होत नाही.

तांब्या-पितळेचे राज्य ज्याला म्हणावे ते घडवणाऱ्या हातांमुळे आले. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट कारागीर इथे स्थिरावले. हंडे, कळश्या, घंगाळी, तपेली आणि पाणी तापवायचे बंब हा त्यांचा माल. तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा खरव्यावर, म्हणजे ऐरणीसारख्या लोखंडी आधारावर, धरून हातोडीने ठोकत जायचे, याला मठारकाम म्हणतात. भांड्यावर जे गोल गोल ठोके दिसतात ते आज नक्षी म्हणून विकले जातात, पण ते मुळात कामाचे आहेत. ठोकल्याने तांबे कडक होते आणि पातळ पत्राही आकार धरून राहतो. एकोणिसाव्या शतकात आगबोटींनी विलायतेहून तयार पत्रे येऊ लागले तेव्हा भांडी स्वस्त झाली आणि पितळ मध्यमवर्गाच्या घरात शिरले. नाशिक आणि भंडारा ही गावे पितळी भांड्यांसाठी नावाजली गेली. विदर्भात गंज, इकडे पातेले आणि टोप, भातासाठी तपेले, भाकरीच्या पिठाला परात, अशी मांडणीच घराची ऐपत सांगत असे.

या सगळ्या डोलाऱ्याखाली कल्हई होती. तांबे आणि पितळ आंबटाशी लगेच झगडतात. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी किंवा कोकमाचे सार ठेवले की ते कळकते; हिरवट झाक येते, तोंडात धातूची चव येते, आणि पोटात गेलेले जास्तीचे तांबे मळमळ, उलट्या करते. म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा.

कल्हईवाला अंगणात लहानसा खड्डा करून कोळसे पेटवी आणि भात्याने विस्तव फुलवी. भांडे घासून लख्ख करून तापवायचे, मग त्यात नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) चिमूट टाकायची. भसकन पांढरा धूर निघतो. त्या उष्णतेत नवसागर फुटून जे आम्ल तयार होते ते धातूवरचा गंज खाऊन टाकते, म्हणून पुढचा थर पक्का धरतो. लगेच कथलाची कांडी तापल्या भांड्याला लावायची; कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ ला, त्यामुळे मूळ भांड्याला धक्का लागत नाही. वितळलेला थेंब पिंजलेल्या कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवला की काळपट बूड क्षणात चांदीसारखे होते. भांडे पाण्यात बुडवले की काम झाले. हे सगळे काही मिनिटांत आटपते, पण विस्तव जरा जास्त झाला तर कथील करपते आणि कमी पडला तर गोळे धरते. ती वेळ हातानेच ओळखायची.

तोच २३२ चा आकडा भांड्याचा उपयोगही ठरवतो. पाणी असेपर्यंत भांडे शंभराच्या फारसे वर जात नाही, म्हणून कल्हईच्या पातेल्यात वरण, भात, आमटी, खीर निर्धास्त होते. कोरडे भांडे चुलीवर राहिले की कल्हई वितळते. म्हणूनच भाजायला लोखंडी तवा, तळायला लोखंडी कढई आणि फोडणीला लोखंडी पळी वेगळी असे. आमटीवर वरून फोडणी ओतायची आपली पद्धत मला याच्याशी अगदी सुसंगत वाटते. आज कल्हईच्या पितळी कढईत कोरडा रवा भाजणाऱ्याला ही विभागणी कुणी सांगितलेलीच नसते.

मग या भांड्यांना स्पर्धक आले. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची पद्धत १८८६ मध्ये सापडली आणि १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. हलके, स्वस्त, बिनकल्हईचे. खेड्यापाड्यांत जर्मलचे पातेले म्हणून ते घरोघर गेले, आंबटाची अडचण मात्र तशीच राहिली. ती सोडवली स्टेनलेस स्टीलने. शेफिल्डच्या हॅरी ब्रियर्लीने १९१३ मध्ये क्रोमियम घातलेले न गंजणारे पोलाद केले, आणि स्वातंत्र्यानंतर हळूहळू ते आपल्या फडताळांत आले. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीने हा बदल दारोदार नेला. डबे, वाट्या, पातेली, सगळ्यांवर नाव आणि तारीख कोरलेली. स्टीलला नावे ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: रोज राख आणि चिंच लावून पितळ घासणारे हात बायकांचे होते. स्टीलने ते कष्ट वाचवले, ही मोठी गोष्ट आहे.

पण स्टील उष्णता नीट वाहत नाही. तांबे ती स्टीलच्या सुमारे पंचवीस पट चांगली वाहते, पितळ सातएक पट. पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर दूध करपते आणि कडेला कोमटच असते, ते यामुळे. तांब्याचा बाहेरून मुलामा किंवा तळात ॲल्युमिनियमची चकती हे त्यावरचे उपाय, आणि त्यात चकतीचा जाड तळ खरा उपयोगी. मुलामा बहुतेक वेळा दिखाऊ असतो.

याच काळात इंधनही बदलले. १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत घरगुती गॅस मिळू लागला. चुलीसाठी घडवलेली, राखेचा लेप देऊन ठेवायची गोल बुडाची भांडी शेगडीवर डुगडुगू लागली. डब्यावर डबा ठेवून कोळशावर वाफवायचे रुक्मिणी कुकर काही घरांत होतेच. १९५९ मध्ये देशात हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही प्रेशर कुकरांचा जमाना सुरू झाला आणि तूरडाळीसाठी तासभर चुलीपाशी बसणे संपले. दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते, एवढेच त्यातले रहस्य. नॉनस्टिकही आपल्याकडे महाराष्ट्रातूनच आले: औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये ‘निर्लेप’ सुरू केले. तो लेप साधारण २६० अंशांच्या वर बिघडू लागतो, म्हणून रिकामा तवा मोठ्या आचेवर सोडू नये.

भाजणीची, म्हणजे ज्याला आता बेकिंग म्हणतात त्याची भांडी आपल्या घरांत फारशी नव्हती, पण कल्पना होती. कोकणात काकडीचे धोंडस जाड बुडाच्या पातेल्यात लावून झाकणावर निखारे ठेवत. गोव्यात बेबिंकाचे थरही वरच्या निखाऱ्यांवरच भाजले जात. नानकटाईसाठी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि तिथल्या पत्र्यांवर भाजून आणायचे. पुढे काचेची खिडकी असलेला गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला, आणि केकचे साचे त्याच्याबरोबर.

या धांदलीत कल्हईवाल्याची हाक बंद पडली. बंबाची जागा गिझरने घेतली, तांबट आळीचे गिऱ्हाईक आटले. आता लोखंड परत आले ते ठीकच झाले; बिडाचा तवा तेल लावून जपला की आंबोळी, घावन त्याच्यावर सुरेख सुटतात, आणि त्याला कुणा कारागिराची गरज पडत नाही. पितळेचे तसे नाही. ते एकटे परत येऊ शकत नाही. घेताना आतला रंग बघावा: पांढरा चकचकीत थर असेल तर कल्हई आहे, पिवळा किंवा लाल धातू दिसत असेल तर त्यात आंबट शिजवू नये. काही भांड्यांना चमक टिकावी म्हणून लाख किंवा वॉर्निश लावलेले असते, ती शोभेची भांडी समजावीत. वापरातल्या भांड्याची कल्हई झिजतेच, खरखरीत घासणीने फार लवकर. आतून ठिपके उघडे पडू लागले की पुन्हा करून घ्यावी, आणि कथलात शिशाची भेसळ नाही ना, हे विचारून घ्यावे. शहरांत कल्हई करणारे थोडे उरले आहेत. सोसायटीतल्या घरांनी भांडी एकत्र जमवली तर त्यांनाही येणे परवडते. जे दुकानदार हजारो रुपयांचे पितळ विकतात, त्यांनी कल्हईची सोयही द्यायला हवी, आणि गिऱ्हाइकाने ती मागायला हवी.